पाच ते साडेसहा: ‘क्लेओ’ पहिल्यांदा पाहणाऱ्यांसाठी

तपासणीचा निकाल हाती येण्याआधीचे दोन तास जीव टांगणीला लावून ज्याने एकदा काढले आहेत, त्याला आन्येस वार्दा यांच्या १९६२ सालच्या फ्रेंच चित्रपटाची कथा सांगावी लागत नाही. ‘क्लेओ द सँक आ सेत’, म्हणजे ‘पाच ते सातमधली क्लेओ’, या चित्रपटात पॅरिसमधली एक तरुण गायिका संध्याकाळी डॉक्टरांना भेटणार आहे, आपल्याला कर्करोग झाला आहे अशी तिची जवळजवळ खात्री आहे, आणि भेटीपर्यंतचा वेळ तिला कसा तरी काढायचा आहे. ती टोपी विकत घेते, घरी जाते, गाण्याची तालीम करते, रागावून बाहेर पडते, एका मैत्रिणीला भेटते, बागेत जाते, आणि बागेत तिला एक अनोळखी सैनिक भेटतो. एवढेच घडते.

एवढेच घडते म्हणूनच नवखा प्रेक्षक येथे अडखळतो. मृत्यूला सामोरे जाण्याविषयीचा अभिजात चित्रपट असे ऐकून तो बसतो; गंभीर संवाद, रुग्णालयातील खाट आणि अश्रू यांची वाट पाहतो; आणि पडद्यावर मात्र एक बाई आरशासमोर टोप्या घालून पाहत असते. मी स्वतः पहिल्यांदा पाहिला तेव्हा पहिला अर्धा तास या नायिकेचा मला राग आला होता. तो राग येणे योग्यच होते आणि दिग्दर्शिकेला तो अपेक्षितही असावा, हे बऱ्याच उशिरा लक्षात आले. हा लेख ती वाट थोडी जवळची व्हावी यासाठी आहे. कथेतील शेवट ठाऊक झाल्याने या चित्रपटाचे फारसे बिघडत नाही, तरीही ज्यांना तो आधी कळू नये असे वाटते त्यांनी कोठे थांबावे ते पुढे योग्य ठिकाणी सांगितले आहे.

बसण्यापूर्वीची तयारी

चित्रपट ९० मिनिटांचा आहे. तो सलग पाहावा, आणि ही सूचना शिष्टाचार म्हणून केलेली नाही. पडद्यावरील काळ आणि प्रेक्षकाचा काळ येथे जवळजवळ एकाच गतीने चालतो; क्लेओला टॅक्सीने नदी ओलांडायला जितका वेळ लागतो, त्यातला बराचसा वेळ आपणही टॅक्सीत बसून काढतो. मध्येच थांबवून चहा करून आलो, की चित्रपटाने बांधलेली गाठ सुटते. शक्य असेल तर एखाद्या सुटीच्या दिवशी बरोबर पाच वाजता चित्रपट सुरू करून पाहावा. भिंतीवरच्या घड्याळात आणि पडद्यावरच्या घड्याळात फारसा फरक पडत नाही, आणि तो अनुभव कोणत्याही विवेचनापेक्षा अधिक शिकवतो. पडदा मोठा असावा, कारण चौकटीच्या कोपऱ्यांत, दुकानांच्या काचांत आणि आरशांत पुष्कळ काही घडत असते आणि फोनवर ते दिसत नाही. प्रत पुनर्संस्कारित असेल तर उत्तम. उपशीर्षके वाचण्याची सवय नसलेल्यांनी फार चिंता करू नये. सर्वांत महत्त्वाच्या जागी संवाद थोडा आहे.

पार्श्वभूमीही थोडीच लागते. वार्दा यांचा जन्म १९२८ साली ब्रसेल्स येथे झाला. वडील ग्रीक, आई फ्रेंच. चित्रपटांकडे वळण्यापूर्वी त्या पॅरिसच्या राष्ट्रीय लोकनाट्यगृहाच्या छायाचित्रकार होत्या, आणि ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे, कारण त्यांच्या चित्रपटात रस्त्यावरच्या कोणत्याही चेहऱ्याला क्षणभर का होईना पण स्वतःचे स्थान मिळते. पॅरिसमधील ज्या तरुण दिग्दर्शकांच्या चित्रपटांना पुढे ‘नवी लाट’ हे नाव पडले, त्यांच्यापैकी काही जणांना निर्माते जॉर्ज द बोरगार यांनी पैसा पुरवला होता. वार्दा यांचे पती, दिग्दर्शक जाक देमी यांच्यामुळे त्या बोरगार यांच्यापर्यंत पोहोचल्या. वार्दा यांच्या मनात असलेला पहिला प्रकल्प फार खर्चिक होता आणि निर्मात्याला कमी खर्चात होणारा चित्रपट हवा होता. प्रवास नको, भव्य देखावे नकोत, तर मग एकच शहर आणि एकच दिवस घ्यावा, असा विचार त्यातून निघाला. नायिकेच्या हाती उरलेला थोडा वेळ आणि निर्मात्याने दिलेला थोडा पैसा यांची अशी गाठ पडली. १९६१ च्या उन्हाळ्यात, शक्य तितके कथेच्या क्रमानेच, चित्रीकरण झाले. छायालेखन मुख्यतः जाँ राबिए यांचे आहे. पुढच्या वर्षी हा चित्रपट कानच्या महोत्सवात स्पर्धेत होता.

बसण्यापूर्वी आणखी एकच काम करावे. सोळाव्या शतकातील जर्मन चित्रकार हान्स बाल्डुंग ग्रीन याचे एखादे ‘मृत्यू आणि तरुणी’ या विषयावरचे चित्र पाहून घ्यावे. बासेलच्या संग्रहालयातील १५१७ सालचे चित्र सहज पाहायला मिळते. गोरी, भरल्या अंगाची तरुणी, आणि तिला मागून धरणारा हाडांचा सापळा. या चित्रांनी आपल्याला ही कथा सुचवली असे वार्दा यांनी सांगितलेले आहे. चित्रपटात सापळा कोठेच येत नाही, पण पहिल्या अर्ध्या भागात क्लेओचे शुभ्र, पिसांनी मढवलेले कपडे आणि सोनेरी केस दिसू लागले की ते चित्र आपोआप डोळ्यांपुढे येते.

पहिली पायरी: पत्ते आणि घड्याळ

चित्रपट रंगीत सुरू होतो. टेबलावर टॅरोचे पत्ते मांडले जात आहेत, कॅमेरा वरून पाहतो आहे, हात रंगीत आहेत, पत्ते रंगीत आहेत. पण ज्या क्षणी क्लेओचा किंवा भविष्य सांगणाऱ्या बाईचा चेहरा दिसतो, त्या क्षणी चित्र कृष्णधवल होते. या पत्त्यांनंतर संपूर्ण चित्रपट कृष्णधवलच राहतो. बहुतेक जण ही केवळ शैलीची हौस समजून पुढे जातात. मला यात एक स्पष्ट विधान दिसते. भविष्य रंगीत आहे, कारण ते कल्पित आहे; माणसाचा चेहरा मात्र आजच्या उजेडातला आहे.

पत्त्यांत मृत्यूचा पत्ता निघतो. भविष्य सांगणारी बाई क्लेओला समजावते की या पत्त्याचा अर्थ मरण असाच असतो असे नाही, तो संपूर्ण परिवर्तनही सुचवतो. क्लेओ गेल्यावर मात्र ती आतल्या खोलीतील नवऱ्याला सांगते की पोरीला कर्करोग आहे, तिचे काही खरे नाही. हे दोन्ही उद्गार मनात जपून ठेवावेत. आपल्याला नायिकेपेक्षा अधिक कळले आहे असे प्रेक्षकाला या जागी वाटते, आणि पुढचा सर्व वेळ तो हा समज घेऊन तिच्याकडे पाहतो.

जिना उतरताना क्लेओच्या चेहऱ्याचे तेच दृश्य लागोपाठ तीनदा येते. यंत्रात बिघाड झाल्याची शंका घेऊ नये. धास्तावलेल्या माणसाचे मन ज्याप्रमाणे एकाच पायरीवर अडखळते, तसे येथे संकलन अडखळते. त्यानंतर प्रकरणे सुरू होतात. ती १३ आहेत, आणि प्रत्येकाच्या आरंभी एक नाव व वेळ पडद्यावर उमटते: ‘क्लेओ, ५ वाजून ५ मिनिटे ते ५ वाजून ८ मिनिटे’, नंतर ‘आंजेल’, पुन्हा ‘क्लेओ’, पुढे ‘बॉब’, ‘इतर काही जण’, ‘दोरोते’, ‘राउल’, आणि सर्वांत शेवटी ‘क्लेओ आणि आंत्वान’. प्रत्येक वेळी कोणाचे नाव आले आहे ते पाहावे, कारण त्या तुकड्यापुरती चित्रपटाची ओढ त्या व्यक्तीकडे असते. आंजेल ही क्लेओची सोबतीण आणि व्यवस्थापिका. तिच्या प्रकरणात क्लेओ आपल्याला लाडावलेले मूल वाटते, आणि याचे कारण आंजेल तिला तशीच पाहते.

येथे मराठी वाचकाला एक सावधगिरी सुचवावीशी वाटते. सायंकाळी साडेपाच-सहा म्हटले की आपल्या मनात दिवेलागण येते, आणि आजाराची काळजी म्हटली की कातरवेळ. या चित्रपटात तसे काही नाही. कथेची तारीख २१ जून आहे, वर्षातला सर्वांत मोठा दिवस. त्या काळच्या घड्याळाप्रमाणे पॅरिसमध्ये त्या दिवशी सूर्य नऊच्या सुमारास मावळत असे. म्हणजे क्लेओची भीती लख्ख उन्हात चालते आहे. वार्दा यांनी काळोखाची मदत घेतलेली नाही. छाया सोपी असते. उजेडात भीती दाखवणे कठीण, आणि ते येथे साधले आहे.

दुसरी पायरी: पाहणारे कोण

चित्रपटाचे मर्म एका प्रश्नात सापडते, आणि तो प्रश्न प्रत्येक दृश्यात स्वतःला विचारत राहावा: आत्ता कोण कोणाकडे पाहते आहे?

पहिल्या अर्ध्या भागात उत्तर जवळजवळ नेहमी एकच असते. सगळे क्लेओकडे पाहतात, आणि क्लेओही क्लेओकडेच पाहते. भविष्यवालीच्या दारातील आरसा, रिव्होली रस्त्यावरील कॅफेतला आरसा, टोप्यांच्या दुकानातले आरसे, दुकानांच्या काचा, घरातला आरसा. पहिल्याच आरशापुढे ती मनाशी म्हणते की कुरूप होणे म्हणजेच मरण. जोवर मी सुंदर आहे तोवर मी जिवंत आहे, आणि इतरांपेक्षा दहापट जिवंत आहे. हे वाक्य ऐकून तिला उथळ ठरवण्याचा मोह होतो. परंतु थोडा विचार केला तर कळते की ज्या स्त्रीला आयुष्यभर केवळ पाहिले गेले आहे, तिला ‘मी आहे’ हे पडताळून पाहण्यासाठी दुसरे साधनच दिलेले नाही. टोप्यांच्या दुकानात ती भर उन्हाळ्यात केसाळ फरची काळी टोपी निवडते, आणि आंजेल तिला आठवण करून देते की आज मंगळवार आहे, नवी वस्तू आज अंगावर घालायची नसते. शनिवारी तेल विकत न घेणाऱ्या घरात वाढलेल्या वाचकाला या बाईची ओळख करून द्यावी लागणार नाही. शकुन-अपशकुनांचा हा पट्टा चित्रपटभर चालतो, आणि वार्दा त्याची थट्टाही करत नाहीत किंवा त्याला दुजोराही देत नाहीत. मनात पाल चुकचुकली की माणूस प्रत्येक वस्तूत खूण शोधू लागतो, एवढे त्या नेमके दाखवतात.

घरी आल्यावर तिला भेटायला येणाऱ्या माणसांकडे पाहावे. प्रियकर काही मिनिटांसाठी येतो, गोड बोलतो आणि जातो; त्याला ती आजाराविषयी काही सांगत नाही. संगीतकार बॉब आणि त्याचा गीतकार सोबती येतात ते डॉक्टरांचे सोंग घेऊन, भली मोठी सुई हातात नाचवत. बॉबच्या भूमिकेत या चित्रपटाचे संगीतकार मिशेल लग्राँ स्वतः आहेत, आणि त्यांचा खट्याळपणा इतका मोहक आहे की आपणही हसतो. हसताना क्लेओच्या चेहऱ्याकडे लक्ष जाऊ द्यावे. तिच्या आजाराला या घरात कोणीच खरे मानत नाही, आणि ते खरे मानावे इतका वेळही ती कोणाजवळ मागू शकत नाही.

तिसरी पायरी: गाणे

साधारण मध्यावर बॉब तिला एक नवे गाणे शिकवू लागतो. ‘तुझ्याविना’ अशा अर्थाचे हे गाणे आहे. शब्द वार्दा यांचे, चाल लग्राँ यांची. नवख्याने संपूर्ण चित्रपटात एकाच जागी श्वास रोखून बसायचे असेल तर ती ही.

काय होते ते क्रमाने पाहावे. सुरुवातीला खोली दिसते, पियानो दिसतो, माणसे दिसतात. क्लेओ कागदावर पाहत गाऊ लागते. कॅमेरा हळूहळू तिच्याकडे सरकतो, पियानो चौकटीबाहेर जातो, माणसे बाहेर जातात, तिच्यामागची खोलीही नाहीशी होऊन मागे निव्वळ काळे उरते. त्याच वेळी एकट्या पियानोच्या जागी संपूर्ण वाद्यवृंद ऐकू येऊ लागतो, जो त्या खोलीत नाही. तालमीला सुरू झालेले गाणे रंगमंचावरच्या प्रयोगासारखे होते, क्लेओ थेट आपल्याकडे पाहू लागते आणि तिच्या डोळ्यांत पाणी येते. उशिरा आलास तर मला पुरून झालेले असेल, एकटी आणि कुरूप, असा त्या ओळींचा आशय आहे. प्रेमगीताच्या ठरीव भाषेत विरहाला मरण म्हणण्याची रीत जुनीच आहे. या बाईच्या तोंडी मात्र रूपक रूपक राहत नाही, शब्द अक्षरशः खरा होऊन तिच्या अंगावर येतो. हे सारे एका सलग, न तुटणाऱ्या हालचालीत घडते, हे दुसऱ्यांदा पाहताना अवश्य तपासावे.

गाणे संपते तेव्हा ती भडकते. माझा तुम्ही वापर करता, असे ती या मंडळींना सुनावते, पडद्यामागे जाते, डोक्यावरचा सोनेरी विग उपटून काढते, काळा साधा पोशाख घालते आणि एकटी बाहेर पडते. क्लेओची भूमिका करणाऱ्या कोरिन मार्शाँ यांचा अभिनय या जागेपासून बदलतो. त्यांची चाल बदलते, मानेचा डौल कमी होतो. आधीचा कृत्रिमपणा हा अभिनेत्रीचा दोष नव्हता, तर पात्राने घातलेला पोशाख होता, हे येथे कळते.

चौथी पायरी: रस्ता ऐकणे

गाण्यानंतर ‘कोण कोणाकडे पाहते आहे’ या प्रश्नाचे उत्तर उलटते. आता क्लेओ पाहते. कॅमेरा तिच्या डोळ्यांच्या जागी येतो आणि मोंपार्नास भागातील अनोळखी माणसे सरळ आपल्याकडे बघत जातात. एक माणूस पैशांसाठी जिवंत बेडूक गिळून दाखवतो. ‘दोम’ या प्रसिद्ध कॅफेत ती ज्यूकबॉक्सवर स्वतःचेच गाणे लावते आणि टेबलांमधून फिरत ऐकते, की कोणी ऐकते आहे का. कोणीही ऐकत नाही. मला हा चित्रपटातला सर्वांत निर्दय आणि सर्वांत हितकारक क्षण वाटतो. आपल्याविना जग कसे चालेल याचा छोटासा नमुना तिला येथे मिळतो, आणि जग निवांत कॉफी पीत असते.

या भागात कान उघडे ठेवावेत. कॅफेतील संवादांचे तुकडे कथेशी संबंधित नसतात आणि ते तसेच असू द्यावेत. उपशीर्षकांत प्रत्येक वाक्याचा दुवा शोधत बसण्याची गरज नाही. एक दुवा मात्र शोधायलाच हवा. चित्रपटाच्या पहिल्या भागात, टॅक्सीत रेडिओवर बातम्या लागतात. त्यांत अल्जीरिया आहे आणि शस्त्रक्रियेनंतर सावरणाऱ्या गायिका ईदित पियाफ आहेत. १९५४ पासून फ्रान्स अल्जीरियात लढत होता, सक्तीच्या लष्करी सेवेतली तरुण पोरे तेथे पाठवली जात होती, आणि तरीही सरकारी भाषेत त्याला युद्ध म्हणत नसत; सुव्यवस्था राखण्याची कारवाई म्हणत. फ्रेंच कायद्याने ‘अल्जीरियाचे युद्ध’ हे शब्द स्वीकारले ते १९९९ साली. रोग्याला कर्करोगाचे नाव न सांगण्याची रीत त्या काळी सर्रास होती, आणि आपल्याकडील घरांतूनही ‘गाठ’, ‘मोठे दुखणे’ अशा शब्दांआड ते नाव दीर्घकाळ दडवले गेले आहे. एक देश आपल्या दुखण्याचे नाव घेत नाही आणि एक बाई आपल्या दुखण्याचे नाव घ्यायला घाबरते. चित्रपट हे साम्य बोलून दाखवत नाही. टॅक्सीतला रेडिओ चालू ठेवतो, इतकेच.

यानंतर मैत्रीण दोरोते येते. ती शिल्पकारांच्या कार्यशाळेत नग्न मॉडेल म्हणून उभी राहते. तिला संकोच वाटत नाही का, असा क्लेओचा प्रश्न आहे. आपल्या देहात कोणी दोष काढील याची स्वतः क्लेओला धास्ती वाटते. दोरोतेचे म्हणणे असे की त्यांना मी दिसत नाही, एक आकार दिसतो, एक कल्पना दिसते. पाहिले जाणे म्हणजे बांधले जाणेच असे नाही, हे क्लेओला प्रथमच कोणीतरी सांगत असते. दोघींमधील हे बोलणे किती साधे आहे पाहा. त्यात धीर देण्याचा आव नाही, आणि क्लेओ आजाराविषयी मोकळेपणाने बोलते ती हिच्याजवळच.

पाचवी पायरी: मधला विनोद

दोरोतेचा मित्र राउल चित्रपटगृहात प्रोजेक्टर चालवतो. त्याच्या खोलीच्या झरोक्यातून दोघी एक छोटा मूकपट पाहतात. काळा चष्मा घातलेल्या तरुणाला सगळे काळे दिसते, त्याची प्रेयसी मेल्यासारखी दिसते. चष्मा काढताच सगळे ठीक असते. त्या तरुणाच्या भूमिकेत दिग्दर्शक जाँ-ल्यूक गोदार आहेत आणि प्रेयसी आना कारिना आहेत. नेहमी काळ्या चष्म्याआड असणाऱ्या गोदार यांचे डोळे सर्वांना दिसावेत, अशी वार्दा यांची मिस्कील इच्छा होती. या तुकड्याचा अर्थ उघड आहे, कदाचित गरजेपेक्षा थोडा अधिक उघड. त्यावर फार वेळ घालवू नये आणि मोकळेपणाने हसावे. चित्रपटगृहातून निघताना क्लेओच्या पिशवीतला छोटा आरसा पडून फुटतो आणि ती पुन्हा घाबरते, हे मात्र नोंदवून ठेवावे. भीती एका विनोदाने जात नसते. टॅक्सीत ती मंगळवारची ती काळी टोपी दोरोतेला देऊन टाकते.

*ज्यांना शेवट आधी कळू नये असे वाटते त्यांनी येथे थांबावे आणि चित्रपट पाहून परत यावे.*

सहावी पायरी: बागेतला अनोळखी माणूस

पॅरिसच्या दक्षिणेकडील माँसूरी बागेत क्लेओ जिना उतरते तेव्हा ती पुन्हा एकदा गायिकेसारखी हावभाव करत गुणगुणते, पण आता पाहायला कोणी नाही. पुढे पाण्याजवळ आंत्वान नावाचा सैनिक तिच्याशी बोलू लागतो. तो बडबड्या आहे, सुरुवातीला किंचित त्रासदायकही. नव्या प्रेक्षकाला येथे प्रेमकथा सुरू झाली असे वाटते आणि तो तिला नेहमीच्या मापाने मोजू लागतो. तसे करू नये. आंत्वानची रजा आज संपते आहे. संध्याकाळी तो अल्जीरियाला परत निघणार आहे. म्हणजे या बागेत मरणाची टांगती तलवार असलेली दोन माणसे बसली आहेत, आणि त्यांपैकी एकाला त्याविषयी बोलता येते. निष्कारण मरण्याचे त्याला वाईट वाटते, हे तो सरळ सांगतो. त्याच्या सरळपणामुळे तिलाही आपल्या भीतीचे नाव उच्चारता येते.

येथेच एक गंमत आहे, जी मराठीत विनासायास पोहोचते. आज सूर्य मिथुन सोडून कर्क राशीत शिरतो, असे आंत्वान सहज सांगतो आणि क्लेओ त्याला गप्प करते. फ्रेंचमध्ये त्या राशीचे आणि त्या रोगाचे नाव एकच आहे. ‘कर्क’ आणि ‘कर्करोग’ हे आपले शब्द शेजारी ठेवले की तिचे दचकणे समजावून सांगावे लागत नाही.

याच भेटीत तिचे खरे नाव आपल्याला कळते. ती फ्लॉरेन्स आहे. क्लेओ हे क्लिओपात्रावरून घेतलेले रंगमंचावरचे नाव. आंत्वान या नावावरून इटली, चित्रकार बॉटिचेल्ली असे काहीबाही बोलत सुटतो, आणि आपल्या ध्यानात येते की पत्तेवालीने सांगितलेले परिवर्तन कदाचित अगोदरच घडून गेले आहे. डॉक्टरांकडे एकटीने जाण्याऐवजी ती त्याला बरोबर घेते. ६७ क्रमांकाच्या बसच्या मागच्या उघड्या फलाटावर दोघे उभे राहतात आणि शहर त्यांच्यामागे सरकत जाते. या प्रवासात काहीही घडत नाही आणि तो लांब आहे. कोणत्याही प्रकारे तो पुढे पळवू नये. चित्रपटाच्या आरंभी टॅक्सीच्या काचेआडून दिसलेले पॅरिस आणि या उघड्या बसमधून दिसणारे पॅरिस ही जवळजवळ वेगळी शहरे आहेत.

सातवी पायरी: साडेसहा

साल्पेत्रिएर रुग्णालयात पोहोचल्यावर डॉक्टर निघून गेले आहेत असे कळते. दोघे बाकावर बसतात. तेवढ्यात डॉक्टर आपल्या उघड्या मोटारीतून येतात, गाडीतूनच सांगतात की काळजी नको, किरणोपचार थोडे थकवतील, दोन महिन्यांत सर्व ठीक होईल, आणि गाडी निघून जाते. ज्या निकालासाठी दीड तास जीव मुठीत धरला, तो एवढ्या घाईत, जवळजवळ बेपर्वाईने उरकला जातो. बरे होईल हे खरे की रुग्णाला दिलेला त्या काळचा नेहमीचा दिलासा? पत्तेवाली चुकली की डॉक्टर? काही प्रेक्षक हा प्रश्न सोडवल्याशिवाय उठत नाहीत. माझ्या मते चित्रपटाने तो मुद्दाम मोकळा ठेवला आहे आणि त्याहून महत्त्वाची गोष्ट त्यानंतरच्या मिनिटात आहे. डॉक्टर गेल्यावर क्लेओ म्हणते की मला वाटते आता मला भीती वाटत नाही. मला वाटते मी सुखी आहे. तिच्या वाक्यातील ‘मला वाटते’ ऐकू येणे हीच या पायरीची परीक्षा आहे. आणि सुटका झाली म्हणून ती हे बोलते असे धरायचे, तर दोन महिन्यांचे उपचार समोर असताना आणि शेजारचा माणूस काही तासांत युद्धावर निघालेला असताना ते बोलणे फार मूर्खपणाचे ठरेल. चित्रपट ११ एप्रिल १९६२ रोजी फ्रान्समध्ये प्रदर्शित झाला. एव्हियाँ येथील करार होऊन अल्जीरियातील युद्धबंदी जाहीर झाली ती त्याच्या आदल्याच महिन्यात. पहिल्या प्रेक्षकांना हे ठाऊक होते. बाकावर बसलेल्या आंत्वानला ते ठाऊक नाही.

दुसऱ्यांदा पाहाल तेव्हा आवाज बंद ठेवून पहिला अर्धा तास पाहावा आणि फक्त आरसे मोजावेत. मग गाण्यानंतरच्या भागात आरसे कोठे कोठे आहेत आणि त्यांच्या जागी काय आले आहे ते पाहावे. हे काम यांत्रिक वाटले तरी कोणत्याही पुस्तकापेक्षा लवकर फळ देते.

एक गोष्ट मात्र पहिल्याच वेळी करायची आहे. शीर्षकात सात वाजेपर्यंतचा काळ कबूल केलेला आहे आणि शेवटच्या प्रकरणाची वेळ साडेसहाला संपते. पाच वाजता सुरुवात केली असेल, तर पडदा काळा होईल तेव्हा तुमच्या घड्याळातही जवळपास तितकेच वाजलेले असतील. दिवा लावू नये, फोन उचलू नये, आणि बरोबर कोणी असेल तर कसा वाटला असे लगेच विचारू नये. चपला घालून बाहेर पडावे आणि सात वाजेपर्यंत समोरून येणाऱ्यांचे चेहरे पाहत चालावे.